सपोर्टचे बावीस टक्के

मोठ्या कंपनीचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या अंदाजपत्रकात दर वर्षी एक ओळ असते: सपोर्ट. ओरॅकलसारख्या कंपनीच्या बाबतीत ही रक्कम परवान्यासाठी मोजलेल्या किमतीच्या २२ टक्के असते. एक कोटीचा परवाना घेतला तर वर्षाला बावीस लाख. पाच वर्षे पुरी होण्याआधीच मूळ किमतीइतके पैसे पुन्हा एकदा भरून झालेले असतात. आणि तरीही कोणत्याही संस्थेच्या संगणक विभागात जाऊन विचारा, काही अडलेच तर पहिला फोन कोणाला करता? उत्तर येईल, जुन्या नोकरीतल्या सहकाऱ्याला, नाहीतर दुसऱ्या संस्थेतल्या ओळखीच्या माणसाला. कंपनीकडे तक्रारीचे तिकीट टाकले जाते ते बहुतेकदा फक्त नोंद राहावी म्हणून. पैसे एकीकडे जातात आणि मदत दुसरीकडून येते. ही फारकत एका दिवसात झालेली नाही. तिला सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो पाहिल्याशिवाय आजच्या चिडचिडीचे कारण नीट कळत नाही.

सुरुवातीला सपोर्ट विकला जात नव्हता, कारण यंत्रच विकले जात नव्हते. १९५० च्या दशकात आयबीएमचे संगणक आणि पंचकार्ड यंत्रे प्रामुख्याने भाड्याने दिली जात. यंत्राची मालकी कंपनीची आणि देखभालीचा खर्च भाड्यातच धरलेला. यंत्र बंद पडणे हा ग्राहकाइतकाच कंपनीचाही तोटा होता, कारण नाराज ग्राहक भाडे थांबवून यंत्र परत करू शकत असे. म्हणून दुरुस्ती करणारा अभियंता हाकेच्या अंतरावर असे, आणि मोठ्या ठिकाणी तर तो ग्राहकाच्याच इमारतीत बसे. यंत्रावर काम कसे बसवायचे हे शिकवणारे सिस्टिम्स इंजिनिअर वेगळे होते, त्यांचेही वेगळे बिल येत नसे. प्रोग्रॅम यंत्राबरोबर येत, मूळ सोर्स कोडसकट. ग्राहकाला चूक सापडली तर तो ती स्वतः दुरुस्त करी आणि कंपनीला कळवी.

याच काळात ग्राहकांनी एक मोठी गोष्ट केली. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आयबीएम ७०४ घेणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन ‘शेअर’ नावाची संघटना काढली. सदस्यांत विमाने बनवणाऱ्या कंपन्या होत्या, बाजारात एकमेकींच्या स्पर्धक. पण प्रत्येकीने तोच प्रोग्रॅम नव्याने लिहिण्यापेक्षा वाटून घेणे शहाणपणाचे आहे हे त्यांना पटले होते. त्यांनी आपापसांत प्रोग्रॅम वाटले, चुकांच्या याद्या केल्या आणि एकत्रितपणे आयबीएमसमोर मागण्या ठेवल्या. विक्रेत्याचा अभियंता आणि वापरणाऱ्यांची संघटना हे सपोर्टचे पहिले दोन पाय. पुढच्या इतिहासात पहिला पाय लुळा पडत गेला. दुसरा आपण वापरायचे विसरलो.

वळण आले १९६९ मध्ये. जानेवारीत अमेरिकेच्या न्याय खात्याने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला. खटल्याची चाहूल आधीपासून होती आणि यंत्र, प्रोग्रॅम व सेवा एकाच किमतीत बांधून देणे अडचणीचे ठरेल हे कंपनीला दिसत होते. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने जाहीर केले की प्रशिक्षण, सिस्टिम्स इंजिनिअरची सेवा आणि काही प्रोग्रॅम यांचे पैसे यापुढे वेगळे आकारले जातील. वेगळ्या किमतीच्या प्रोग्रॅमची पहिली यादी सतराची होती. बदल्यात यंत्रांच्या किमती फक्त तीन टक्क्यांनी उतरल्या.

या निर्णयाने सॉफ्टवेअरचा स्वतंत्र धंदा उभा राहिला, आणि त्याचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. तो झाला नसता तर १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी जर्मनीत सॅप काढली नसती, १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात ओरॅकल उभी राहिली नसती, आणि मुंबई-पुण्यातल्या हजारो घरांत आज जो पगार येतो तोही आला नसता. पण त्याच दिवशी मदतीला स्वतःची किंमत मिळाली. ज्याला किंमत असते त्याचा हिशोब वेगळा लागतो, आणि हिशोब वेगळा लागला की त्यातून नफा किती निघतो हा प्रश्न कोणीतरी विचारतोच.

भारतात याच सुमारास वेगळा प्रयोग झाला. आयबीएमची १४०१ यंत्रे आपल्याकडे अनेक संस्थांत भाड्याने होती, आणि परदेशात जुनी झालेली यंत्रे इथे भाड्याने देऊन कंपनी पैसा काढते अशी तक्रार संसदेपर्यंत गेली होती. परकीय चलन नियमन कायद्याखाली परदेशी कंपन्यांना भारतीय शाखेतला हिस्सा कमी करण्याचा आग्रह झाला, आयबीएमने तो मानला नाही आणि १९७८ मध्ये देश सोडला. मागे राहिली यंत्रे. ती कोणी चालू ठेवायची? त्यासाठी सरकारने आधीच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही कंपनी काढून ठेवली होती. आयबीएमच्या अनेक भारतीय अभियंत्यांना घेऊन तिने ही यंत्रे सांभाळली, आणि मग इतर बनावटींचीही. ज्याने यंत्र बनवले नाही तोही ते उत्तम सांभाळू शकतो, फक्त त्याच्याकडे माणसे, कागदपत्रे आणि सुटे भाग हवेत, हे या कंपनीने दाखवून दिले. पुढे याच सीएमसीने रेल्वेची संगणकीय आरक्षण व्यवस्था उभी केली. पुढे ती टाटांकडे गेली आणि अखेर टीसीएसमध्ये विलीन झाली. आपल्याकडे आजही प्रत्येक कचेरीत जो एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, असतो, त्याच्यामागे देखभाल ही निर्मात्याचीच मक्तेदारी नव्हे अशी समजूत आहे. यंत्रांच्या बाबतीत ती टिकली. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ती मोडून काढली गेली, ते कसे ते पुढे येते.

१९८० च्या दशकात संगणक टेबलावर आला आणि ग्राहक हजारांचे लाख झाले. इतक्यांकडे अभियंता पाठवणे शक्य नव्हते. मग मदत फोनवर आली. हा टप्पा सपोर्टच्या इतिहासातला सर्वांत उजळ टप्पा आहे, आणि त्याचे गाव अमेरिकेतल्या युटा राज्यातले ओरेम. तिथली वर्डपरफेक्ट कंपनी आपल्या लेखनाच्या सॉफ्टवेअरसाठी फुकट फोन आणि फुकट मदत देत असे. ४९५ डॉलर छापील किमतीचे हे सॉफ्टवेअर त्या काळात शेकडो प्रकारच्या प्रिंटरना चालवायचे होते. प्रत्येक प्रिंटरची आज्ञा वेगळी, त्यामुळे मजकूर पडद्यावर नीट दिसायचा आणि कागदावर भलतेच उमटायचे. वकिलाच्या कचेरीतल्या टंकलेखिकेला हे कसे सुटणार? ती फोन करायची आणि पलीकडे माणूस असायचा. रांग मोठी असली तर कंपनीचा निवेदक गाणी लावून मधूनमधून सांगायचा की अमुक विभागात इतके लोक थांबले आहेत, साधारण इतकी मिनिटे लागतील. रेकॉर्ड केलेला आवाज नव्हे, त्या क्षणी तिथे बसलेला माणूस. थांबणाऱ्याच्या वेळेला किंमत आहे हे मान्य करणारी ही साधी व्यवस्था होती. अशा कचेऱ्यांमध्ये वर्डपरफेक्टवर लोकांचा जीव होता तो यामुळेही.

ही व्यवस्था टिकली नाही. विंडोज आले, कचेरीची सॉफ्टवेअरे एकत्र गठ्ठ्यात स्वस्त विकली जाऊ लागली, आणि एका प्रतीमागे उरणाऱ्या पैशात फुकट फोन बसेना. १९९४ मध्ये वर्डपरफेक्ट नॉव्हेलने घेतली आणि दोनच वर्षांत कोरेलला फार कमी किमतीत विकली. उरलेल्या बाजाराने धडा घेतला तो असा की चांगली मदत हा खर्च आहे आणि खर्च कमी करायचा असतो.

मोठ्या संस्थांना विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र उलटी गोष्ट घडत होती. तिथे मदत खर्च न राहता मिळकत झाली. परवाना एकदाच विकला जातो, वार्षिक शुल्क कायम येत राहते. बँक आपले सगळे व्यवहार ज्या डेटाबेसवर चालवते, कारखाना आपला साठा, पगार आणि खरेदी ज्या सॅपवर चालवतो, ते बदलायला काही वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो. ग्राहक जाऊ शकत नाही हे ठाऊक असले की दर वाढवण्याला अडथळा उरत नाही. ओरॅकलच्या २०१२ च्या आर्थिक वर्षाचा अहवाल पाहिला तर नव्या परवान्यांतून सुमारे १० अब्ज डॉलर आले आणि सपोर्ट व सुधारित आवृत्त्यांतून सुमारे १६ अब्ज. या दुसऱ्या रकमेतला खर्च वजा जाता शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक डॉलर नफा म्हणून उरत होते. जी सेवा पुरवायला पंधरा रुपये लागतात तिचे शंभर घेतले जात असतील, तर सेवा खालावली ही तक्रार केवळ चिडचिड नव्हे. ती आकड्यांतच लिहिलेली आहे.

मग दुसरे कोणी हीच सेवा निम्म्यात का देत नाही? दिली. १९९८ मध्ये टुमॉरोनाऊ आणि २००५ मध्ये रिमिनी स्ट्रीट या कंपन्या नेमक्या याच कामासाठी उभ्या राहिल्या. सीएमसीने आयबीएमच्या यंत्रांसाठी केले ते त्यांना सॉफ्टवेअरसाठी करायचे होते. पण यंत्राचा स्क्रू कोणीही पिळू शकतो, सॉफ्टवेअरची प्रत मात्र कॉपीराइटखाली येते. टुमॉरोनाऊ सॅपने विकत घेतली, ओरॅकलने २००७ मध्ये तिच्यावर खटला भरला आणि २०१० मध्ये ज्युरीने १.३ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. पुढे ती बरीच कमी झाली, पण तोवर टुमॉरोनाऊ बंद पडली होती. ओरॅकलच्या सॉफ्टवेअरच्या नियम मोडून प्रती काढल्याचे सॅपने मान्य केले होते, तेव्हा निकाल अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. परिणाम मात्र उघड आहे. रिमिनी स्ट्रीटवरही २०१० मध्ये खटला झाला आणि ती लढाई वर्षानुवर्षे चालली. देखभालीत स्पर्धा करायची तर पहिला खर्च वकिलांचा, हे सगळ्यांना कळले.

त्याच काळात फोन उचलणारा माणूस समुद्रापार गेला, आणि इथे ही गोष्ट आपल्या घरात येते. बंगळूर, हैदराबाद, गुरगाव, पुण्याचे हिंजवडी इथे रात्रपाळीच्या बसगाड्या सुरू झाल्या. आपल्या ओळखीत एक तरी मुलगा किंवा मुलगी अशी आहे, जिने अमेरिकेच्या दिवसासाठी स्वतःची रात्र दिली. अमेरिकी ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या आणि २००३ मध्ये डेलने काही कार्यालयीन ग्राहकांचे फोन बंगळूरहून परत अमेरिकेत वळवले. तेव्हा दोष उच्चारांना दिला गेला. तो दोष चुकीच्या जागी दिला गेला असे मला ठामपणे वाटते. रात्रपाळीतली ती मुले हुशार होती, अभियांत्रिकी शिकलेली होती. त्यांच्याकडे नव्हता तो सोर्स, आणि नव्हता तो अधिकार. कोड बदलू शकणारा माणूस आणि ग्राहकाचे ऐकणारा माणूस यांच्यामध्ये कंपनीने मुद्दाम तीन पायऱ्या बांधल्या होत्या. पहिल्या पायरीवरच्याने ठरलेले प्रश्न विचारायचे, दुसरीवरच्याने लॉग मागायचे, तिसरीपर्यंत शक्यतो काही जाऊ द्यायचे नाही. पायऱ्या कुठल्या देशात आहेत याने फरक पडत नव्हता.

या पायऱ्यांवर आज एका तिकिटाचे काय होते ते जवळून पाहा. महिनाअखेरीला पगाराचे काम मध्येच थांबते. संगणक विभागातला माणूस पोर्टलवर तिकीट टाकतो. गांभीर्य किती, असे विचारले जाते. ‘काम पूर्ण बंद’ निवडले तर चोवीस तास फोनवर हजर राहण्याची अट येते, म्हणून तो एक पायरी खाली उतरतो. तासाभरात उत्तर येते, तिकीट मिळाले. कंपनीच्या मोजमापात ‘पहिला प्रतिसाद’ वेळेत झाला, तिचे कर्तव्य कागदावर पूर्ण झाले. मग लॉग मागितले जातात. ते पाठवल्यावर पाळी बदलते आणि नवा माणूस तेच लॉग पुन्हा मागतो. मग सुचवले जाते की आधी ताजा पॅच लावा. पॅच लावायचा तर यंत्रणा बंद करायची, तीही पगाराच्या आठवड्यात. विभागातला माणूस तोवर रात्र जागून आडवाटेने पगार काढतो. काम निघाले म्हणून तो तिकिटाकडे चार दिवस फिरकत नाही, आणि उत्तर आले नाही या कारणाने तिकीट बंद होते. शेवटी समाधान किती झाले हे विचारणारी प्रश्नावली येते. अडचण जिथे होती तिथेच आहे. ती पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आणि कोड लिहिणाऱ्याच्या कानावर ती कधीच जाणार नाही. मी स्वतः अशी तिकिटे टाकली आहेत, आणि त्या रात्रींचा राग अजून गेलेला नाही.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात फुजित्सूची होरायझन ही हिशोबाची यंत्रणा १९९९ पासून बसवली गेली. हिशोबात तूट दिसू लागलेले उपपोस्टमास्तर मदतीच्या फोनवर सांगत होते की चूक यंत्रणेची आहे. त्यांच्यापैकी अनेकांना उत्तर मिळाले की ही अडचण फक्त तुम्हालाच येते आहे. यंत्रणेत दोष असल्याचे तिसऱ्या पायरीवरच्या अभियंत्यांना ठाऊक होते. चोरी आणि अफरातफरीच्या आरोपांवर नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. त्यांत भारतीय वंशाची माणसेही होती, काही तुरुंगात गेली. २०१९ च्या निकालात न्यायालयाने यंत्रणेतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ऐकणारा आणि जाणणारा यांना एकमेकांपासून तोडले की काय होते, याचा याहून कठोर पुरावा नको.

आणि आता २०२० चे दशक. सॉफ्टवेअर पुन्हा भाड्याने मिळू लागले आहे. कायमचा परवाना हद्दपार होतो आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली आणि काही आठवड्यांतच कायमच्या परवान्यांची विक्री बंद केली. ज्यांच्याकडे असे परवाने आधीपासून होते त्यांना सपोर्टचे नूतनीकरण मिळेना, वर्गणी घ्या असे सांगण्यात आले. अमेरिकेत एटी अँड टीसारखी बलाढ्य कंपनीही न्यायालयात गेली. १९५० च्या दशकातल्या भाड्यात अभियंता धरलेला होता, आजच्या भाड्यात तो नाही. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये सांगितले की सपोर्टमधली त्यांची माणसे नऊ हजारांवरून पाच हजारांच्या आसपास आली, उरलेले काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांकडे गेले. नेहमीच्या प्रश्नांना यंत्र उत्तरे देईल, ते चांगलेच आहे. पण नेहमीचे प्रश्न आपण केव्हाच स्वतः सोडवायला शिकलो होतो. माणूस हवा असतो तो ज्याचे उत्तर कुठे लिहिलेले नाही अशा वेळी, आणि नेमका तोच कमी केला जातो आहे.

या मागोव्यात ग्राहक जिंकल्याची उदाहरणेही आहेत, आणि ती सगळी एकाच प्रकारची आहेत. २००८ मध्ये सॅपने आपला सपोर्टचा दर १७ वरून टप्प्याटप्प्याने २२ टक्के करायचे ठरवले आणि सगळ्यांना महागड्या योजनेत ढकलले. जर्मन भाषक ग्राहकांची डीएसएजी ही संघटना आणि इतर देशांतल्या संघटना एकत्र उभ्या राहिल्या. या जास्तीच्या पैशातून आम्हाला काय मिळते ते मोजून दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. जानेवारी २०१० मध्ये सॅपने स्वस्त पर्याय पुन्हा खुला केला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीचे प्रमुख पायउतार झाले. २०२५ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्ते आणि जलमार्ग सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने व्हीएमवेअरपासून दूर जाण्यासाठी वेळ मागितला, तेव्हा न्यायालयाने ब्रॉडकॉमला दोन वर्षांपर्यंत सपोर्ट देण्याचा आदेश दिला. युरोपीय संघाचा २०२४ मध्ये लागू झालेला सायबर रेझिलियन्स कायदा तर निर्मात्याने साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षेच्या सुधारणा पुरवल्याच पाहिजेत असे सांगतो. त्यातली मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून सुरू होतील. जिथे ग्राहक एकत्र आले, किंवा त्यांच्या पाठीशी कायदा उभा राहिला, तिथे विक्रेत्याला थांबावे लागले. एकेकट्याने टाकलेल्या तिकिटांनी कोणीही थांबलेला नाही.

सहकाराची शंभर वर्षांची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायची गरज नसावी. आपल्याकडे शेकडो नागरी सहकारी बँका, साखर कारखाने, दूध संघ, महापालिका आणि शिक्षणसंस्था आहेत. त्या सारख्याच अडचणी सोसतात आणि करारावर मात्र एकेकट्याने सही करतात. त्यांनी सॉफ्टवेअरचे करार एकत्र बसून लिहावेत. करारात पहिल्या प्रतिसादाची वेळ न मोजता अडचण सुटण्याची वेळ मोजावी आणि ती न पाळल्यास शुल्क परत मिळावे. कोडपर्यंत पोचणारा माणूस किती वेळात मिळेल हे लिहून घ्यावे. सॉफ्टवेअर सोडून जायचे ठरले तर विदा बाहेर काढायला मदत आणि पुरेशी मुदत मिळेल, हे कलम आधी असावे. एका संस्थेला सापडलेला दोष सगळ्यांना कळावा अशी यादी ठेवावी, जशी १९५५ मध्ये एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या विमाने बनवणाऱ्या कंपन्यांनी ठेवली. सपोर्टच्या करारावर सही करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी पुढच्या नूतनीकरणाच्या आधी शेजारच्या दोन संस्थांना फोन करावा आणि तिघांनी मिळून सही करावी.